घरच्या कामासाठी वेल्डिंग मशीन घ्यायची? अँपिअर नंतर बघा, आधी मीटर बघा



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचा स्टॉक कसा मोजायचा ते पाहिलं. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतोच. "भाऊ, घरच्यासाठी एक वेल्डिंग मशीन पाहिजे. २०० ची देऊ की २५० ची, तुम्हीच सांगा."

विचारणारा कधी शेतकरी असतो, कधी शिक्षक, कधी नुकताच रिटायर झालेला माणूस. कोणाला कुंपणाचं गेट करायचंय, कोणाला जुन्या सायकलच्या चाकाचा डवरा बनवायचाय, कोणाला नुसती हौस आहे. हौसेला मी कधीच नाही म्हणत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला आणि पुढे त्यांना बोलेरो दिली. महागडं वर्कशॉप नसलं तरी डोकं आणि हात चालतात, हे त्यातून कळतं.

पण मी दुकानदार असूनही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दहापैकी बरेच जण डब्यावरचा मोठा आकडा बघून मशीन घेतात आणि मग घरचा एमसीबी पडतो म्हणून परत येतात. म्हणून आज क्रम उलटा ठेवू.

१) आधी हिशोब: घ्यायची गरज आहे का?

समजा वर्षाला तुमची आठ छोटी कामं निघतात आणि फॅब्रिकेशनवाला एका कामाचे ३०० रुपये घेतो. म्हणजे वर्षाचे २,४०० रुपये. पूर्ण सेट १५ हजारांत बसतो असं धरलं, तर नुसते पैसे वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील. मग घ्यायचीच नाही का? तसंही नाही. जुलैमध्ये सोयाबीनला डवरणीची घाई असते, डवऱ्याची फासळी तुटते आणि फॅब्रिकेशनवाल्याकडे आधीच पाच जण बसलेले असतात. तेव्हा गेलेल्या दिवसाची किंमत ३०० रुपये नसते. तुमचं काम अशा घाईचं असेल किंवा तुम्हाला खरंच शिकायचं असेल तर घ्या. वर्षाला दोन-तीनच कामं असतील तर गावातल्या कारागिराला द्या. त्याचंही घर चालू द्या.

२) मीटर आणि वायर

वीजबिल काढा आणि त्यावरचा 'मंजूर भार' वाचा. घरगुती १६ अँपिअरच्या पॉइंटमधून २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ३.७ केव्हीए मिळतात. साधी इन्व्हर्टर मशीन ८० अँपिअरवर २.५ मिलिमीटरचा रॉड जाळताना मीटरकडून साधारण १३-१४ अँपिअर ओढते. हे चालतं. तीच मशीन ११० अँपिअरवर ३.१५ चा रॉड जाळायला लागली की ओढ २० च्या आसपास जाते. आता तुम्हीच सांगा, त्या पॉइंटवर २५० ची मशीन लावून काय करणार? तो आकडा तुम्ही कधी वापरूच शकणार नाही.

दुसरी गोष्ट एक्स्टेंशनची. विहिरीवर काम आहे म्हणून ३० मीटर बारीक वायर ओढतात. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून १६ अँपिअर ओढले तर साधारण १७ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि वायर तापते ती वेगळी. २.५ ची वायर असेल तर सुमारे ७ व्होल्टच जातात. आधीच व्होल्टेज कमी असेल, त्यात हे १७ गेले, की रॉड चिकटतो आणि माणूस मशीनला शिव्या देतो. वायर २.५ चीच घ्या आणि वापरताना रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतून वितळते.

३) कोणती मशीन?

घरी सिंगल फेज असेल तर इन्व्हर्टर मशीन घ्या. जुनी तांब्याच्या वाइंडिंगची ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असते, शंकाच नाही. पण ती जड असते, वीज जास्त ओढते आणि बऱ्याच मशीन दोन फेजवर चालणाऱ्या असतात. कोणी स्वस्तात जुनी देतो म्हणून घरी आणू नका.

इन्व्हर्टर घेताना डब्यावरचा आकडा सोडा, मशीनला चिकटवलेली पाटी वाचा. तिथे ड्युटी सायकल लिहिलेली असते. '६०% – १२० अँपिअर' याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं १२० वर वेल्डिंग, चार मिनिटं आराम. ही मोजणी ४० अंश तापमानाला धरलेली असते. आता आपला जिल्हा आठवा. घाटावर बुलडाण्यात एक वेळ ठीक आहे, पण घाटाखाली खामगाव-मलकापूरला मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर जातो. तिथे पाटीवरचा आकडासुद्धा पूर्ण मिळणार नाही. उन्हाळ्यात काम सकाळी करा आणि मशीनच्या पंख्यासमोर भिंत किंवा पोतं येऊ देऊ नका.

घेण्याआधी दुकानातच चार रॉड लागोपाठ जाळून बघा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: "बिघडली तर कुठे न्यायची?" उत्तर "कंपनीला पाठवू" असं आलं तर दोनदा विचार करा. कार्ड जवळच्या गावात दुरुस्त होत असेल तर हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

रॉडचं सोपं आहे. स्क्वेअर पाइप, पट्टी, अँगल यासाठी ६०१३ चा रॉड. १६ गेजच्या पाइपला २.५ मिलिमीटर, म्हणजे दुकानात ज्याला १२ नंबर म्हणतात तो. ३.१५ चा १० नंबर जाड लोखंडाला. पातळ पाइपला १० नंबर लावला की होल पडलंच समजा. पावसाळ्यात रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओलावा धरलेला रॉड नीट जळत नाही.

४) कापायला काय?

सुरुवातीला ४ इंची ग्राइंडर पुरे. कापणं, घासणं, गंज काढणं, सगळं त्यावर होतं. १४ इंची कटर मशीन रोज पाइप कापायचे असतील तेव्हाच घ्या.

इथे एक जीवघेणी सवय आहे. गार्ड काढून ४ इंची ग्राइंडरला मोठं चाक लावतात. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरतो. त्याच्या चाकाची मर्यादा साधारण १५ हजार असते, म्हणून ते टिकतं. ७ इंची चाकाची मर्यादा साडेआठ हजारांच्या आसपास असते. ते ११ हजारांवर फिरवलं तर फुटून तोंडावर येतं. लाकडाचं दातेरी पातंही ग्राइंडरला लावू नका. चाकावर लिहिलेला वेग आणि मधल्या कडीवरची तारीख बघून मगच घ्या.

गॅस कटिंग घरी नकोच. स्वयंपाकाचा सिलिंडर कटिंगला वापरणं बेकायदेशीर आहे आणि हौसेच्या कामात त्याची गरजही पडत नाही.

५) १५ हजारांची वाटणी

आमच्या भागात आज साधारण अशी होते:
इन्व्हर्टर मशीन – ६,५००
४ इंची ग्राइंडर – २,५००
आपोआप काळं होणारं हेल्मेट – १,५००
चामडी हातमोजे, अप्रन, चष्मा – ८००
रॉड, चाकं, तारेचा ब्रश, हातोडी – ७००
स्वतंत्र पॉइंट, एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, अर्थिंग – ३,०००

बघा, मशीनवर निम्म्याहूनही कमी पैसे गेले. ग्राहक घासाघीस करताना शेवटच्या ओळीच कापतो. त्या कापू नका. घामाने ओल्या अंगाला अर्थिंग नसलेल्या पॉइंटचा झटका बसला तर सावरायला वेळ मिळत नाही. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितली तर लगेच काही वाटत नाही, मात्र काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. हेल्मेट १० किंवा ११ नंबरवर ठेवा. आणि बाजूला उभं राहून बघणाऱ्या पोरांना आधी दूर करा, त्यांच्याकडे हेल्मेट नसतं.

६) पहिला रॉड लावण्याआधी

– सोयाबीनचं कुटार, पऱ्हाट्या, कडबा याच्या जवळ काम नको. ग्राइंडरची ठिणगी कित्येक फूट जाते. पाण्याची बादली जवळ ठेवा, पण चालू मशीनवर पाणी टाकू नका, आधी वीज बंद करा.
– डिझेलचा किंवा औषधाचा रिकामा ड्रम कापू नका, जोडू नका. आतली वाफ पेटली की ड्रम फुटतो.
– जीआय पाइपवरचा जस्ताचा थर जोडाच्या जागी घासून काढा आणि काम उघड्यावर करा. त्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो.
– ट्रॅक्टर किंवा गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची वायर काढा.

शिकायचं कसं? आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, घरी कोणी पोरगा रिकामा असेल तर त्याला तिकडे पाठवा. तुम्ही स्वतः भंगारातून ५ मिलिमीटरची पट्टी आणा आणि एक पाकीट रॉड त्यावर सरळ रेषा ओढण्यातच संपवा. गेटचा पाइप त्यानंतर. आणि हात बसला, शेजारी पैसे देऊन काम सांगायला लागला, तर घरगुती मीटरवर ते चालेल का हे आधी महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या. तिथून तो धंदा होतो, आणि धंद्याचा हिशोब वेगळा ठेवायचा असतो. त्याबद्दल पुढच्या व्हिडिओत बोलू.

आज एवढंच करा: वीजबिल काढा, मंजूर भार बघा आणि गेल्या वर्षी फॅब्रिकेशनवाल्याकडे किती वेळा गेलात ते कागदावर लिहा. तो कागद घेऊन कुठल्याही दुकानात जा. आमच्याच दुकानात आलं पाहिजे असं काही नाही.