जळक्या गुंडाळीतला जांभळा शब्द

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत एकच चर्चा, सायन्स की कॉमर्स? यंदा शेजारच्या वहिनींच्या लेकीनं ९० टक्के मिळवूनही ‘मी आर्ट्‌सला जाणार, संस्कृत आणि इतिहास शिकणार’ असं जाहीर केलं. घरात नुसता सन्नाटा! ‘अहो, आता सगळा ए. आय.चा जमाना. संस्कृत घेऊन ही करणार काय?’ वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. मी चहा टाकला आणि त्यांना एक खरीखुरी गोष्ट सांगितली.

इटलीत इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला आणि हर्क्युलेनियम हे गाव गाडलं गेलं. तिथल्या एका हवेलीत १७५२ साली पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या सापडू लागल्या. ग्रंथच ते, पण कोळसा झालेले. उलगडायला जावं तर करपलेल्या पापडासारखा चुरा! एक्स-रेनं आत डोकवावं, तर शाईही काजळीची. काळ्यावर काळं दिसणार कसं?

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ ब्रेंट सील्स वर्षानुवर्षं याच्या मागे होते. इंग्लंडमधल्या एका प्रचंड यंत्रातून गुंडाळ्यांचे अतिशय बारीक एक्स-रे काढले गेले. मार्च २०२३ मध्ये ती चित्रं जगासमोर ठेवून बक्षिसं जाहीर झाली. केसी हँडमर तासन्‌तास त्या चित्रांकडे बघत बसले, तेव्हा त्यांना शाईच्या जागी वाळलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा दिसल्या. म्हणजे पहिली खूण सापडली ती माणसाच्या डोळ्याला, बरं का! ल्यूक फॅरिटर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्या भेगा ओळखायला संगणकाला शिकवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिला शब्द जाहीर झाला, ‘पोर्फिरास’, म्हणजे जांभळा! फेब्रुवारी २०२४ मध्ये ल्यूक, युसुफ नादेर आणि ज्युलियन शिलिगर या तिघांना ७ लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. तोवर २,००० हून अधिक अक्षरं दिसू लागली होती.

पण खरी मेख पुढंच आहे. यंत्रानं दाखवली ती फक्त शाई कुठं आहे ते. ती अक्षरं जुळवून, अर्थ लावून वाचली प्राचीन ग्रीक जाणणाऱ्यांनी. त्यांत नेपल्स विद्यापीठातल्या फेडेरिका निकोलार्डी या विदुषीही आहेत. आणि त्या मजकुरात काय निघालं? खाणं, संगीत आणि आनंद यांची चर्चा! एखादी गोष्ट दुर्मीळ आहे म्हणून ती जास्त सुखाची असते का, असा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी विचारत होतं. ग्रीक शिकणारं कुणी उरलंच नसतं, तर ७ लाख डॉलर खर्चूनही हाती नुसत्या रेघोट्याच आल्या असत्या.

‘म्हणजे आर्ट्‌स घेतलं की नोकरी मिळेल म्हणता?’ वहिनींनी नेमकं विचारलं. तशी हमी मी कशी देणार? ‘ती सायन्सलाही कुणी देत नाही,’ एवढं मात्र म्हटलं. ‘संस्कृत मन लावून शिकू द्या आणि जोडीला कॉम्प्युटरही नीट शिकवा. दोन्हीकडचं कळणारी माणसं थोडीच असतात.’

वहिनींनी कप खाली ठेवला. ‘फॉर्म परवापर्यंत भरायचाय,’ त्या म्हणाल्या. ‘तिच्या बाबांना हे तुम्हीच सांगा. संध्याकाळी पाठवते त्यांना.’