मेंदू चोरीला जातो तेव्हा

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६९ या काळात ७९ भागांत प्रक्षेपित झाली. १९८० च्या दशकात रविवारी सकाळी ती दूरदर्शनवरही दाखवली जाई. तिच्या तिसऱ्या सत्राचा पहिला भाग, 'स्पॉक्स ब्रेन' म्हणजे 'स्पॉकचा मेंदू', २० सप्टेंबर १९६८ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. मालिकेवर जीव असणारी माणसेच त्याची गणना सर्वांत वाईट भागांत करतात. तो का फसला हे पाहताना शिक्षकांच्या उपयोगाचे बरेच काही हाती लागते.

कथानक असे आहे. एक अनोळखी स्त्री 'एंटरप्राइज' यानावरील सर्वांना बेशुद्ध करते आणि विज्ञान अधिकारी स्पॉक याचा मेंदू काढून नेते. डॉक्टर मॅकॉय उरलेले शरीर यंत्रांच्या आधारे जिवंत ठेवतात. मुदत २४ तासांची. कप्तान कर्क माग काढत सिग्मा ड्रॅकोनिस या ताऱ्याच्या सहाव्या ग्रहावर पोहोचतो. तेथील भूमिगत वसाहतीची सारी यंत्रणा चालवण्यासाठी स्पॉकचा मेंदू जोडलेला असतो. मेंदू चोरणाऱ्या स्त्रीला मात्र मेंदू म्हणजे काय हेही ठाऊक नसते. 'शिक्षक' नावाचे एक शिरस्त्राण घातले की तिला काही तासांपुरते सर्व ज्ञान येते. शेवटी डॉक्टर तेच शिरस्त्राण घालून मेंदू पुन्हा बसवू लागतात. ज्ञान मध्येच ओसरते, तेव्हा अर्धवट जोडला गेलेला स्पॉकच पुढची शस्त्रक्रिया तोंडी सांगतो!

हे सारे अशक्य आहे असे म्हणून मोकळे होता येईल. पण प्रकाशापेक्षा वेगाने धावणारे यानही आजच्या भौतिकशास्त्रात बसत नाही आणि त्याबद्दल आपण तक्रार करत नाही. विज्ञानकथेला एखादी अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असतेच. मात्र गृहीतक एकदा मांडले की पुढची पायरी त्यातूनच निघायला हवी, भूमितीतील सिद्धतेसारखी. हा भाग फसतो तो येथे.

तारा मात्र खरा आहे, आणि निवडही वाईट नाही. सिग्मा ड्रॅकोनिस कालेय तारकासमूहात आहे, आपल्यापासून सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर, सूर्यापेक्षा थोडा लहान आणि थंड. मुरुमचे अक्षांश जवळजवळ १८ अंश उत्तर, म्हणून येथून ध्रुवतारा क्षितिजावर सुमारे १८ अंश उंच दिसतो. हा तारा ध्रुवबिंदूपासून २० अंशांवर आहे. म्हणजे तो सर्वांत वर येईल तेव्हा उत्तरेला सुमारे ३८ अंशांवर असेल. सप्टेंबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास, आभाळ निवळलेले असेल तर, गावाबाहेरच्या अंधारात नकाशा घेऊन तो शोधता येईल. तारा अंधुक आहे, थोडा धीर धरावा लागेल.

आता मेंदूकडे वळू. माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅमचा असतो, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे एकपंचमांश तो एकटा वापरतो. रक्तपुरवठा थांबला तर काही मिनिटांतच त्याची कायमची हानी होऊ लागते. मुदत घालायचीच होती तर ती शरीराला नव्हे, मेंदूला घालायला हवी होती. जोडणीचेही तसेच. मेंदूपासून चेतातंतूंच्या १२ जोड्या निघतात. त्यांतील एकट्या दृष्टिचेतेत सुमारे १० लाख तंतू असतात आणि तुटलेली दृष्टिचेता माणसात पुन्हा वाढत नाही. हातापायांतील चेता वाढू शकतात, पण दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने. खांद्यापासून बोटांपर्यंतचे ७० सेंटिमीटर अंतर भरायला किती दिवस लागतील, हे गणित मुलांना करू द्यावे. स्पॉक तर टेबलावरून उठून लगेच व्याख्यान देऊ लागतो.

स्पॉक अर्धा परग्रहवासी आहे, त्याचे शरीर वेगळे असेल, अशी हरकत एखादा चलाख विद्यार्थी घेईलच. ती मान्य. पण मग तो वेगळेपणा कथेनेच सांगायला हवा होता.

मेंदू नसलेला स्पॉक हातातल्या एका यंत्राच्या कळा दाबून चालवला जातो, त्या दृश्याला प्रेक्षक सर्वांत जास्त हसले आहेत. आम्हांला वाटते, एवढे हसू नये. मान कापलेली कोंबडी काही क्षण पळते हे खेड्यातल्या मुलांनी पाहिलेले असते. पाय टाकण्याचा ताल मेरुरज्जूत निर्माण होऊ शकतो, हे मांजरांवरील प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसले होते. तोल सांभाळायला मात्र अनुमस्तिष्क लागते, आणि ते तर चोरीला गेलेले!

शिरस्त्राणाची कल्पना आम्हांला सर्वांत चटका लावून गेली. ज्ञान घागरीत पाणी ओतावे तसे ओतता येते, हा समज आपल्या व्यवसायाला नवा नाही. पण शस्त्रक्रियेतील कौशल्य हातांच्या सरावाने चेतापेशींमधील जोडण्या हळूहळू बदलत येते. ते क्षणात येत असेल, तर त्या जोडण्या क्षणात बदलतात असे मानावे लागेल. मग तीन तासांनी त्या पूर्ववत कशा होतात? लेखकाने हा प्रश्न विचारला असता तर याच कल्पनेतून चांगली कथा निघाली असती. पटकथेवर नाव आहे ली क्रोनिन, ते जीन कून यांचे टोपणनाव. मालिकेचे काही उत्तम भाग याच कून यांनी लिहिले होते. टोपणनावाची आपल्याकडची गोष्ट निराळी: जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली.

एक चूक मात्र करमणुकीवारी सोडून देता येत नाही. मेंदू गेला तरी माणूस 'जिवंत' आहे, मेंदू परत मिळाला की तो उठेल, अशी समजूत या भागातून होते. हृदयाची लय हृदयातच निर्माण होते, त्यामुळे श्वसनयंत्र चालू असेपर्यंत मेंदू मृत झाल्यावरही छाती हलते, नाडी लागते, अंग उबदार राहते. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हेच पटवून घेणे फार जड जाते. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या भारतीय कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच मानला जातो. त्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते.

वर्गात हा भाग सांगून झाल्यावर विचारून पाहावे: स्पॉकच्या शरीराची सर्व यंत्रे बंद केली, तर हृदय लगेच थांबेल की काही मिनिटे चालेल? 'लगेच' म्हणणारी मुले बरीच निघतील. त्यांना श्वसनाचे नियंत्रण करणारे मस्तिष्कपुच्छ आकृतीत शोधू द्यावे, आणि मग तेथून ऑक्सिजनचा हिशेब मांडायला सांगावे.