शेवटून मागे, की उगमापासून पुढे?

मूळ नोंदी साफ केल्या, गाळल्या, जुळवल्या, मोजल्या, मग आलेख काढला. पाच पायऱ्या, पाच छोटे प्रोग्राम. सहा महिन्यांनी परीक्षक विचारतो, हा आलेख नेमका कोणत्या फाइलींवरून आला? बहुतेक संशोधक तेव्हा आपली आठवण चाचपडतात. ही आठवण माणसाच्या डोक्यातून काढून कागदावर, म्हणजे फाइलीत, उतरवणे हे 'पाइपलाइन' साधनांचे खरे काम.

यांचा मूळपुरुष 'मेक'. स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ साली बेल प्रयोगशाळेत लिहिला, तोही विज्ञानासाठी नव्हे, प्रोग्राम बांधण्यासाठी. त्याचीच रीत २०१२ मध्ये 'स्नेकमेक'ने जीवशास्त्रात आणली. इथे आपण शेवटची वस्तू मागायची: चकली हवी. साधन मागे मागे जाते. चकलीला पीठ, पिठाला भाजलेले धान्य. पीठ डब्यात तयार असेल तर भाजणीला हात लागत नाही. पण धान्य पिठानंतर पुन्हा भाजलेले दिसले, तर दळण नव्याने होते. फाइलींच्या तारखांवरून हे ठरते.

बार्सिलोनात घडलेले 'नेक्स्टफ्लो' उलट चालते. धान्याचा एक घाणा भाजून झाला की तो लगेच जात्याकडे. बाकीचे किती यायचे आहेत, हे आधी ठाऊक असण्याची गरज नाही. हजारो नमुने असलेल्या जनुकीय कामात हा प्रवाह सोयीचा. मात्र त्याची भाषा ग्रूव्ही, आणि ती शिकण्यात दिवस जातात. स्नेकमेकला पायथॉन पुरते. एकट्याने काम करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. 'एअरफ्लो'चा गवगवा फार. पण तो २०१४ साली एअरबीएनबी कंपनीत रोजच्या ठरल्या वेळेच्या कामांसाठी जन्मला. प्रयोगशाळेत घड्याळापेक्षा फाइल महत्त्वाची.

आता खरी अडचण. नेक्स्टफ्लोच्या कर्त्यांनी २०१७ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त एक तुलना छापली. लीशमॅनिया इन्फँटम या परजीवीच्या (बिहारमधील काळ्या आजाराच्या परजीवीचा हा भाऊबंद) जनुकांची मांडणी एकाच पाइपलाइनने मॅकवर आणि अ‍ॅमेझॉनच्या लिनक्सवर केली. पायऱ्या त्याच, मूळ माहिती तीच, तरी निकालांत थोडा फरक आला! दोन्हीकडे हिशेबाचे बारीक तपशील सारखे नव्हते. सगळी प्रणाली 'डॉकर'च्या पेटीत बंद करून चालवली, तेव्हाच निकाल जुळले.

म्हणजे कृती लिहून ठेवणे पुरेसे नाही. चूल आणि भांडीही बांधून द्यावी लागतात. दोन्ही साधने आज अशी पेटी वापरू देतात, पण ती वापरायची की नाही हे संशोधकावर सोडतात. साधन निवडताना मी पहिला प्रश्न वेगाचा विचारत नाही. ही पेटी जोडायला किती ओळी लागतात, आणि दुसऱ्या गावच्या अनोळखी माणसाला ती एका आज्ञेत उघडता येते का, एवढे मी आधी पाहतो.