दुखणं गुडघ्यात, झीज मांडीत

न दिसणारी झीज

संधिवाताची म्हातारी माणसं डॉक्टरांना सुजलेला गुडघा दाखवतात, वाकडी झालेली बोटं दाखवतात. वाळलेली मांडी कुणी दाखवत नाही. 1996मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांत सुमारे 18 टक्के जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. भीमेपलीकडे आपले कर्जत-श्रीगोंदा. राबणं तेच, दुखणी तरी कुठून वेगळी असणार?

स्नायू का आटतात

वयानुसार स्नायू थोडे घटतातच. आमवातात, म्हणजे संधिवाताच्या एका प्रकारात, शरीरातला दाह त्यांची प्रथिनं मोडत राहतो आणि दुखतं म्हणून माणूस बसून राहतो. वजनकाट्यावर बरेचदा काही कळत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. त्यात कुणीतरी दिलेली बिननावाची ‘वाताची पुडी’. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. चार दिवसांत आजी चालू लागते, पुढे चेहरा गोल होतो आणि मांड्या बारीक. पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं. ती घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

खुर्चीची परीक्षा

खुर्ची भिंतीला टेकवा, हाताची घडी छातीवर, आणि पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर 2019च्या आशियाई निकषांनुसार स्नायूक्षयाची (सार्कोपेनियाची) शंका घ्यावी. गुडघा ठणकत असेल तर वेळ त्यामुळेही वाढतो, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडावं. जामखेडला 1970पासून आरोळे दाम्पत्याने गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. ही परीक्षा घ्यायला तेवढीही तयारी लागत नाही.

वजन आपोआप उतरणं, सततचा थकवा, सैल पकड, मंद चाल, हालचाल घटणं: यांतली तीन लक्षणं असली की वैद्यकात त्याला जराजन्य दुर्बलता म्हणतात. घरात म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’

दूध डेअरीला, चहा आजीला

म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. 50 किलोच्या आजीला 50 ते 60 ग्रॅम. आपल्याकडे दूध डेअरीला जातं आणि आजी चहात भाकरी बुडवून जेवण उरकते. पेलाभर दूध, एक अंडं किंवा वाटीभर मटकी-हुलग्याची उसळ, प्रत्येकातून साधारण 6-7 ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी विचारावं.

आराम किती?

सांधा लाल, गरम असेल तेवढे दिवस. एरवी ‘पडून राहा’ हा सल्ला मला घातकच वाटतो. कॉटचा काठ धरून उठबस, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, हळूहळू वाढवत आठवड्यातून दोन-तीनदा. नंतर दोन तासांहून जास्त दुखलं, तर पुढच्या वेळी संख्या कमी करावी.