ड्रॅगन्स डॉग्मा २ : गाजलेले आरोप आणि खरे दोष

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ २२ मार्च २०२४ रोजी प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर आला. समीक्षकांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून पीसीसाठी विकत घेणाऱ्यांनी त्याच दिवशी त्याला धू धू धुतलं. पहिला भाग २०१२ चा, म्हणजे चाहत्यांनी तब्बल बारा वर्षं वाट पाहिलेली. दिग्दर्शक तेच, हिदेआकी इत्सुनो. ॲक्शन आरपीजीच्या रीतीप्रमाणे पात्र आपण घडवायचं आणि तलवारही आपल्याच बोटांनी चालवायची.

पहिल्या दिवसाचा तो गदारोळ अजून पुरता शमलेला नाही. सेल लागला आणि कुणी विचारलं, “घेऊ का?” की ठरलेली चार-पाच वाक्यं ऐकू येतात. गंमत अशी, की सर्वांत जास्त बोभाटा झालेले आरोप बरेचसे लंगडे आहेत आणि खरी दुखणी भलतीकडेच आहेत.

गैरसमज : वरचे पैसे मोजल्याशिवाय हा गेम नीट खेळताच येत नाही.

वस्तुस्थिती : गेम आला त्याच दिवशी स्टीमच्या पानावर सुट्या विक्रीच्या एकवीस बाबींची यादी झळकली. चेहरामोहरा बदलण्याचं पुस्तक, मेलेल्याला उठवणारा वेकस्टोन, तुरुंगाची किल्ली, तंबूचं सामान, बहुतेक सगळं १ ते ५ डॉलरच्या आत. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये असं दुकान थाटलेलं पाहून लोकांचं डोकं फिरलं, आणि ते रास्तच होतं. पण या वस्तू खेळतानाही मिळतात. चेहरा बदलण्याचं पुस्तक गेममधल्याच ५०० रिफ्ट क्रिस्टल्सना मिळतं आणि हे क्रिस्टल्स आपला साथीदार दुसऱ्यांच्या कामी आला की आपोआप जमा होतात. सुरुवातीला गेममधल्या दुकानात या पुस्तकाच्या दोनच प्रती असत. ओरड झाल्यावर कॅपकॉमने तो आकडा ९९ वर नेला. म्हणजे विक्रीची रीत ओंगळ होती हे खरं, पण तिच्यावाचून खेळ अडत नाही.

गैरसमज : झटपट प्रवासाची सोय मुद्दाम काढून घेतली, म्हणजे ती विकता येईल.

वस्तुस्थिती : या मालिकेत प्रवास २०१२ पासूनच महाग आहे. एका ठिकाणाहून दुसरीकडे क्षणात जायचं तर दर खेपेला एक फेरीस्टोन खर्च होतो, आणि पोहोचता येतं ते पोर्टक्रिस्टल असलेल्या जागीच. पैसे देऊन असा एकच पोर्टक्रिस्टल विकत घेता येतो. बाकीचे खेळातच शोधावे लागतात.

या तंगीमागे हेतू आहे. राजधानी वर्नवर्थहून मेल्व गावाला बैलगाडी जाते. भाडं देऊन बसायचं, डुलकी घ्यायची आणि मुक्कामी जागं व्हायचं. मात्र वाटेत गॉब्लिनांनी गाडी अडवली तर झोपमोड होते, आणि गाडीचाच चुराडा झाला तर उरलेली वाट पायी. रात्री कंदिलाचं तेल संपलं तर पुढचं पाऊल दिसत नाही इतका काळोख पडतो. अंगावर घेतलेल्या घावांनी आरोग्याची कमाल मर्यादाच घटत जाते, ती मुक्काम केल्याशिवाय भरून येत नाही. त्यामुळे ‘आज इतक्या लांब जावं का’ हा विचार खरोखर करावा लागतो. ज्यांना रोज तासभरच वेळ मिळतो त्यांना हे जाचक वाटेल. पण तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला, फसवणुकीचा नव्हे.

गैरसमज : सोबतचे ‘पॉन’ म्हणजे इंटरनेटवरचे दुसरे खेळाडू.

वस्तुस्थिती : हा निखळ एकट्याने खेळायचा गेम आहे. चौघांच्या टोळीत एक आपण, एक आपण घडवलेला पॉन, आणि दोन पॉन इतर खेळाडूंनी घडवलेले, उसने घेतलेले. सगळ्यांना चालवतो संगणकच. उसना पॉन आपल्या मालकाच्या जगात एखादी कामगिरी पार पाडून आला असेल, तर आपल्या जगात पुढे होऊन वाट दाखवतो. आपण उंचावरून पडलो तर खाली झेलतो आणि लढाई जिंकली की टाळी मागतो. एल्फ त्यांच्या स्वतंत्र भाषेत बोलतात. ती जाणणारा पॉन सोबत नसेल तर ते काय म्हणतात ते कळत नाही. ही यंत्रणा गेमचं सर्वांत मोठं बलस्थान आहे. तिची उणी बाजू म्हणजे पॉन तेच ते बोलून कान किटवतात.

गैरसमज : भारी ग्राफिक्स कार्ड बसवलं की गेम लोण्यासारखा चालतो.

वस्तुस्थिती : इथे गैरसमजाने खरं दुखणं झाकलं गेलं. गेमचा भार मुख्यतः प्रोसेसरवर आहे. शहरातल्या प्रत्येक माणसाच्या हालचालीचा हिशेब तो सतत करतो, हे कॅपकॉमनेही मान्य केलं. त्यामुळे रानावनात सुरळीत चालणारा गेम वर्नवर्थच्या बाजारपेठेत शिरला की अडखळतो. तिथे चित्रांचा दर्जा कमी करूनही फारसा फरक पडत नाही. काही महाभागांनी तर फ्रेम रेट वाढावा म्हणून रस्त्यावरची माणसंच कापून काढली! कंपनीने शिफारस केलेला संगणकही काही साधा नव्हता : आय७-१०७०० प्रोसेसर, आरटीएक्स २०८० कार्ड आणि एवढं असून लक्ष्य सेकंदाला ३० फ्रेमचं. पुढच्या सुधारणांनी परिस्थिती बरी झाली. तरीही लॅपटॉपवर घेणार असाल तर आधी प्रोसेसर बघा, कार्ड नंतर.

गैरसमज : एकदा चुकलं की सगळं संपलं, आणि ‘ड्रॅगन्सप्लेग’ ही तांत्रिक गफलत आहे.

वस्तुस्थिती : सेव्ह एकच असतो, पण शेवटच्या मुक्कामापासून पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. पीसीवर आरंभी नव्याने डाव मांडण्याचा पर्यायच नव्हता, तो काही दिवसांतच दिला गेला. ड्रॅगन्सप्लेग हा पॉनना जडणारा रोग मात्र मुद्दाम ठेवलेला आहे. पॉनचे डोळे लाल चमकू लागतात, तो डोकं धरतो, हुकूम मानेनासा होतो. ही लक्षणं दुर्लक्षून एखाद्या वस्तीत झोपलात तर सकाळी त्या वस्तीत प्रेतंच प्रेतं! त्यावर उपाय क्रूर आहे : बाधित पॉनला पाण्यात लोटायचं. गेलेल्या माणसांना वेकस्टोन वापरून उठवता येतं. कल्पना थरारक आहे, पण ती समजावून सांगण्यात गेम कमी पडला आणि लोकांना ती बिघाड वाटली. नंतरच्या सुधारणेत रोगाचं प्रमाण घटवलं आणि डोळ्यांची खूण ठळक केली.

गैरसमज : नकाशा मोठा, म्हणजे वैविध्यही तेवढंच.

वस्तुस्थिती : नकाशा पहिल्या भागाच्या सुमारे चौपट असल्याचं कॅपकॉमने आधीच सांगितलं होतं. पण त्या मानाने शत्रू वाढले नाहीत. गॉब्लिन, लांडगे, हार्पी, सरड्यासारखे सॉरियन आणि वाटमारे हीच मंडळी दर वळणावर भेटतात. तिसाव्या तासाला कंटाळा येतो तो अंतराचा नाही, या पुनरावृत्तीचा. लढण्याच्या दहा पद्धती आहेत, त्यांत भ्रम निर्माण करणारा ट्रिकस्टर अगदी निराळा. पण एका वेळी चारच शस्त्रकौशल्यं घेता येतात. पहिल्या भागात बहुतेकांना सहा मिळत.

मोठ्या प्राण्यांशी झुंज मात्र आजही अजोड आहे. सायक्लॉप्सच्या पायाला धरून अंगावर चढायचं, एकुलत्या एका डोळ्यावर घाव घालायचा. तो दरीच्या काठावर कोलमडला तर पलीकडचा कठडा धरून आडवा होतो आणि आपण त्याच्या पाठीवरून पूल ओलांडल्यासारखे पार होतो. ग्रिफिनच्या पाठीवर चिकटून राहिलात तर तो तसाच उडतो आणि कुठेतरी लांब नेऊन सोडतो.

गैरसमज : सिंहासन मिळालं की कथा संपली.

वस्तुस्थिती : इथे अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली खेळताना कळू दे. गेम सुरू करताना शीर्षकात ‘२’ हा आकडा नसतो. ठरलेल्या शेवटापाशी एक वेगळा मार्ग निवडल्यावरच तो उमटतो आणि खरा अंतिम भाग उघडतो. ही खेळी देखणी आहे, पण तिचा सुगावा इतका पुसट की अनेकांनी त्याआधीच गेम आवरून ठेवला. आणि तिथवर येईपर्यंत कथेच्या सुरुवातीला महत्त्वाचं असलेलं वर्नवर्थच्या राजवाड्यातलं कारस्थान शेजारच्या बाटाल देशात पाऊल टाकताच हवेत विरून गेलेलं असतं. कथेची ही हेळसांड दुकानातल्या यादीपेक्षा कितीतरी गंभीर आहे, पण तिच्यावर मोर्चा कुणी काढला नाही.

एप्रिल २०२४ च्या आरंभीच २५ लाखांहून अधिक प्रती खपल्याचं कॅपकॉमने जाहीर केलं, तेव्हा बहिष्काराच्या गर्जना कितपत खऱ्या होत्या ते दिसलंच. त्याच वर्षी सप्टेंबरात सौम्य असा ‘कॅज्युअल मोड’ही आला. इत्सुनो मात्र ऑगस्टअखेर कॅपकॉम सोडून गेले.

मग घ्यावा का? ठरलेल्या वेळेत ठरलेलं काम उरकायची सवय असेल, बांधेसूद कथा हवी असेल किंवा संगणक जेमतेम असेल, तर नको. वाट चुकणं, रात्र पडणं आणि अनपेक्षित धांदल यांतच मजा वाटत असेल तर जरूर घ्या. सुट्या वस्तूंच्या दुकानाकडे वळूनही बघू नका.