काट्याचा कॅमेरा

पेन्टॅक्स के१००० हा कॅमेरा स्वतःहून काहीच ठरवत नाही. प्रकाश किती आत घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, फोकस कुठे ठेवायचा, रोल कधी पुढे सरकवायचा, सगळे हाताने करावे लागते. त्यातला सेल काढून टाकला तरी फोटो निघतो, कारण सेलचे काम एकच: व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला असलेला एक बारीक काटा हलवणे. फोटोग्राफीच्या सगळ्या प्राथमिक संज्ञा त्या काट्यापाशी येऊन भेटतात. म्हणूनच १९७६ ते १९९७ या काळात तीस लाखांहून अधिक संख्येने बनलेला हा कॅमेरा अमेरिकेतल्या फोटोग्राफीच्या वर्गांत जणू पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला.

त्याची वंशावळ थोडक्यात सांगता येते. असाही ऑप्टिकल ही कंपनी १९१९ साली टोकियोत सुरू झाली. १९५२ चा असाहीफ्लेक्स हा ३५ मिलिमीटर रोलवर चालणारा जपानचा पहिला एसएलआर, म्हणजे आरशावरून लेन्सचेच दृश्य दाखवणारा कॅमेरा. १९५७ च्या असाही पेन्टॅक्समध्ये पंचकोनी प्रिझम आले आणि डोळ्यासमोरच्या चित्राची डावी-उजवी बाजू सरळ झाली. १९६४ च्या स्पॉटमॅटिकने लेन्समधून आत आलेलाच प्रकाश मोजायला सुरुवात केली. १९७५ मध्ये आट्यांची लेन्स जाऊन फिरवून खटकन बसणारी के-माउंटची लेन्स आली. त्या मालिकेतल्या केएम मॉडेलमधून सेल्फ-टायमर आणि आणखी एक-दोन सोयी वगळल्या की के१००० उरतो.

शिकणाऱ्याचा पहिला संबंध रोलशी येतो. डाव्या हाताची गुंडाळणीची खुंटी वर ओढली की मागचे झाकण उघडते. डब्याच्या खाचेत रोल बसवून त्याची जीभ उजवीकडच्या रिळाच्या फटीत घालायची, कडेची छिद्रे दातेरी चाकावर बसली का ते पाहायचे आणि झाकण लावायचे. फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, आणि एका फ्रेमला आठ छिद्रे. उजव्या अंगठ्याने लिव्हर एकदा पूर्ण ओढली की चार कामे होतात: रोल आठ छिद्रे पुढे सरकतो, शटरच्या स्प्रिंगा ताणल्या जातात, आरसा पुढच्या उडीसाठी सज्ज होतो आणि मोजणीचा आकडा एकाने वाढतो. ती अर्धवट ओढली तर शटरचे बटण दबतच नाही. इतकी कामे एका हालचालीत बसवणारी यंत्रणा तळहाताएवढ्या जागेत मावते, हे वरचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय पटत नाही.

मग रोलचा वेग सांगायचा. रोलच्या डबीवर १००, २०० किंवा ४०० असा आकडा असतो. जुन्या कॅमेऱ्यांवर त्याला एएसए म्हणत; १९७४ पासून जर्मन डिन पद्धतीशी त्याची सांगड घालून आयएसओ हे एकच प्रमाण झाले. आकडा दुप्पट झाला की लागणारा प्रकाश निम्मा होतो, आणि त्याबरोबर चित्रातले कण जाड होतात. शटरच्या तबकडीची बाहेरची कडी उचलून फिरवली की छोट्या खिडकीत हा आकडा बदलतो. हल्लीच्या डबीवरची चंदेरी-काळी चौकटीची खूण वाचण्याची सोय के१०००मध्ये नाही. त्यामुळे ४०० चा रोल घालून खिडकीत १०० तसाच राहिला, तर अख्खा रोल चौपट प्रकाश खातो आणि कॅमेरा चकार शब्द काढत नाही.

पुढची संज्ञा ॲपर्चर. लेन्सच्या पोटात पोलादी पाती एकमेकांवर सरकून लहान-मोठे छिद्र करतात. लेन्सभोवतीच्या कडीवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे आकडे असतात. आकडा मोठा तर छिद्र लहान, इथे प्रत्येक नवशिका अडखळतो. खरे तर तो आकडा अपूर्णांकाचा छेद आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २५ मिलिमीटर असेल तर एफ/२, सुमारे ३ मिलिमीटर असेल तर एफ/१६. मागचा आकडा साधारण १.४ ने गुणला की पुढचा येतो, कारण वर्तुळाचा व्यास १.४ पट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होते. या एका पायरीला स्टॉप म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकातले आहे: तेव्हा लेन्समध्ये वेगवेगळ्या भोकांच्या धातूच्या पट्ट्या सरकवून प्रकाश अडवत.

छिद्र लहान केले की प्रकाशाबरोबर आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे फोकसची खोली. एफ/२ वर चेहऱ्याचे डोळे स्पष्ट आणि कान धूसर होऊ शकतात. एफ/१६ वर ५० मिलिमीटरची लेन्स साडेपाच मीटरवर लावली, तर पावणेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे टिपले जाते. केएममध्ये ही खोली आधी बघण्याची कळ होती, के१०००मध्ये ती काढली. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये नेहमी उघड्या लेन्सचेच दृश्य दिसते, आणि खोलीचा अंदाज लेन्सवरच्या खुणांवरून बांधावा लागतो.

शटरच्या तबकडीवर १ पासून १००० पर्यंत आकडे आहेत. १ म्हणजे पूर्ण सेकंद, बाकीचे सेकंदाचे भाग: १२५ म्हणजे एकशे पंचविसावा भाग. तबकडीवरच्या बी या खुणेवर बटण दाबून धरले तेवढा वेळ शटर उघडे राहते. आत रबर लावलेल्या कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागोमाग झाकत येतो. साठाव्या भागापर्यंत अख्खी फ्रेम एका क्षणी पूर्ण उघडी असते, म्हणून फ्लॅशची खूण ६०पाशी. त्याहून जलद वेगात दोन पडद्यांमधली नुसती फट फ्रेमवरून सरकते, हजाराव्या भागाला ती साधारण दोन-अडीच मिलिमीटरची. त्या वेगाला फ्लॅश मारला तर उजेडाची एक पट्टी उमटते आणि बाकी फ्रेम काळोखात जाते. हातात धरून काढताना ५० मिलिमीटरच्या लेन्सला ६० च्या खाली उतरू नये, असा संकेत आहे. श्वास रोखून धरणारे ३० लाही निभावून नेतात.

आता काटा. तीन आकड्यांचे नाते तो एका रेषेत दाखवतो. वर अधिकची खूण, खाली उणेची, मध्ये एक खाच. तबकडी किंवा ॲपर्चरची कडी फिरवून काटा खाचेत आणायचा, की एक्सपोजर जमले. पण खाचेत आणण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि शिकणे तिथूनच सुरू होते. १०० च्या रोलवर भर उन्हात १२५ आणि एफ/१६ ला काटा मध्यावर येतो. तोच २५० आणि एफ/११ ला, ५०० आणि एफ/८ ला, १००० आणि एफ/५.६ लाही येतो. चारही वेळा रोलवर सारखाच प्रकाश पडतो, फोटो मात्र चार वेगळे होतात. धावणारे कुत्रे थिजवायचे की देवळाच्या गाभाऱ्यापासून कळसापर्यंत सगळे रेखीव हवे, हे काटा सांगत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये आकडेही दिसत नाहीत, ते डोळा काढून वर पाहावे लागतात. काही जणांना ही उणीव वाटते. पण त्यामुळेच आकडे बोटांना पाठ होतात आणि महिनाभरात माणूस तबकडीचे खटके मोजत न पाहता वेग बदलू लागतो.

हा काटा भाबडा आहे. प्रिझमपाशी बसवलेले कॅडमियम सल्फाइडचे घटक समोरच्या दृश्याची सरासरी काढतात आणि ती सरासरी मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतात. चुन्याच्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यातला माणूस उभा केला तर काटा प्रकाश कमी करायला लावतो आणि भिंत मळकट येते. म्हैस फ्रेमभर घेतली तर उलटे होऊन ती धुरकट होते. पांढऱ्यासाठी दीड-दोन स्टॉप जास्त, काळ्यासाठी तितकेच कमी द्यायचे. मागून ऊन असेल तर चेहऱ्याजवळ जाऊन मोजायचे आणि मागे येऊन काढायचे. शिवाय हे घटक सावकाश जागे होतात. तेज उजेडातून सावलीत आल्यावर काटा स्थिरावायला थोडे थांबावे लागते.

प्रकाश मोजणाऱ्या या मीटरला बटण नाही. अंधारात घटकाचा रोध इतका वाढतो की वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून लेन्सचे झाकण हेच बटण. झाकण न लावता कॅमेरा कपाटावर ठेवला तर सेल हळूहळू उतरतो, आणि उतरलेल्या सेलचा काटा खाली पडून राहतो किंवा खोटे बोलतो. त्यापेक्षा मोठी फसवणूक रोल भरताना होते. जीभ फटीतून निसटली तर लिव्हर ओढली जाते, आकडा वाढतो, शटरही वाजते आणि छत्तीस फोटो काढूनही रोल कोरा निघतो. यावर उपाय सोपा: लिव्हर ओढताना डावीकडची खुंटी फिरते का ते पाहणे. ती फिरत नसेल तर रोल सरकत नाही. रोल संपल्यावर तळाचे बटण दाबून खुंटी उलटी फिरवायची, आणि ताण एकदम सैल पडेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

उत्पादन जपानमधून हाँगकाँगला आणि तिथून चीनला गेले. वरचे धातूचे झाकण जाऊन मुलामा दिलेले प्लास्टिक आले, आतली रचना मात्र तीच राहिली. अखेर अडचण आली ती काट्याचीच: तो हलवणारा सूक्ष्म गॅल्व्हॅनोमीटर परवडणाऱ्या भावात मिळेना, आणि जुळणीत हातकामही फार होते. २०२४ मध्ये पेन्टॅक्स १७ हा नवा रोलचा कॅमेरा बाजारात आला. त्यासाठी हाताने रोल ओढण्याची यंत्रणा पुन्हा बसवताना जुन्या अभियंत्यांच्या अनुभवाचा आधार घ्यावा लागला. प्रकाशाचा हिशोब मात्र तो कॅमेरा स्वतः करतो.

त्यामुळे काटा हवा असेल तर वापरलेलाच के१००० घ्यावा लागतो, आणि घेताना तो तपासावा लागतो. सेलच्या खोबणीत हिरवट क्षार असतील तर काटा बहुधा हलत नाही. झाकणाच्या कडेचा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर उजेड आत शिरतो, आणि तो फोम बदलणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. शटरची तपासणी रोल न घालता करायची: मागचे झाकण उघडून, लेन्स काढून, उजळ खिडकीकडे धरून हजारावर बटण दाबायचे. फ्रेम एका कडेपासून दुसरीपर्यंत सारखी उजळली तर पडदे ठीक. एक कड काळी राहिली तर स्प्रिंगांचा ताण बिघडला आहे. असा कॅमेरा दुरुस्त होईपर्यंत २५० पर्यंतच वापरावा, आणि उन्हात निघताना १०० चा रोल घालावा.