साखर धरणारा, साखर सोडणारा रेणू

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की तिच्यावरचं विकर ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करतं. त्यात सुटलेल्या इलेक्ट्रॉनांवरून आकडा निघतो. पट्टी मग टाकून द्यायची. दिवसरात्र साखर मोजायची, तर ग्लुकोज न मोडता नुसतं धरणारा आणि पुन्हा सोडणारा रेणू हा एक मार्ग आहे.

बोरॉनिक आम्ल हे करतं. त्याच्या बोरॉनवरचे दोन हायड्रॉक्सिल गट साखरेच्या शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिलांशी जुळतात आणि पाणी बाहेर पडतं. भोवतालची साखर घटली की हा बंध सुटतो. पण एकटं बोरॉनिक आम्ल ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजला घट्ट धरतं! म्हणून एकाच रेणूवर अशी दोन आम्लं नेमक्या अंतरावर बसवतात. ग्लुकोज त्यांच्यामध्ये दोन्हीकडून पकडलं जातं.

पकडलेलं दिसायचं कसं? १९९४च्या सुमारास जपानमध्ये टोनी जेम्स आणि सेइजी शिंकाई यांनी यासाठी योजलेली युक्ती मला फार देखणी वाटते. अँथ्रासीन अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. त्याच्याजवळ नायट्रोजन ठेवला, की त्याची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी ती चमक विझवते. साखर बसली की बोरॉनची इलेक्ट्रॉनांची ओढ वाढते, ती जोडी त्यात गुंतते आणि अँथ्रासीन पुन्हा उजळतं. जितकं ग्लुकोज, तितका उजेड.

असे रेणू शरीरात मोकळे सोडले तर वाहून जातील; म्हणून ते पाणी धरणाऱ्या बहुवारिकाच्या जाळीला, म्हणजेच जेलला, रासायनिक बंधानं बांधतात. जाळीतून ग्लुकोज सहज ये-जा करतं, पेशी बाहेरच राहतात. ‘एव्हरसेन्स’ या संवेदकात असंच जेल आहे. सुमारे १८ मिलिमीटर लांबीची ही कांडी दंडाच्या त्वचेखाली बसते. आतला एलईडी जेल उजळवतो, प्रकाशसंवेदक चमक मोजतो आणि त्वचेवरचं यंत्र कांडीला वीज पुरवून आकडा मोबाइलवर पाठवतं.

या जेलचा खरा शत्रू म्हणजे शरीरच. बाहेरची वस्तू दिसली की पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि ते बोरॉन-कार्बन बंध तोडतं. म्हणून जेलवर प्लॅटिनमचा थर देतात. तो पेरॉक्साइडचं विघटन करतो. २०१८ मध्ये अमेरिकेत या कांडीला ९० दिवसांची मान्यता मिळाली. २०२४ मध्ये ३६५ दिवसांची.